मालगाडीच्या पोटातलं इंजिन : लोक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी कुडाळचा. घरामागे आमचा मळा, मळ्यापलीकडे रेल्वेचा बांध, आणि त्या बांधावरून गाड्या जाताना बघत मोठा झालो. अजूनही बघतो, वय झालं तरी गेलेलं नाही ते. नातेवाईक, ऑफिसातले लोक, शेजारची पोरं सगळी फिरून फिरून तेच विचारतात, त्यातही मालगाडीच्या मधोमध लावलेल्या इंजिनाबद्दल जास्त, कारण मी त्याच्याबद्दल जरा जास्तच बोलतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

मधलं इंजिन म्हणजे नक्की काय? पुढे दोन इंजिनं असतात तेच ना?

नाही. पुढे दोन इंजिनं जोडून लावली की ते डबल हेड, किंवा नुसतं 'डबल'. मागून ढकलायला लावलं की तो बँकर. आणि समजा पन्नास-साठ वॅगन, मग एक किंवा दोन इंजिनं, मग परत पन्नास-साठ वॅगन, आणि सगळं एकाच गाडीचं, तर ते मधलं इंजिन. फाटकात उभा असलेला माणूस यात हमखास फसतो. पहिलं इंजिन गेलं, वॅगन गेल्या, आता संपली म्हणून स्कूटरला किक मारतो आणि तेवढ्यात परत इंजिन येतं. मागची गाडी एवढ्या जवळ कशी आली असं वाटतं, पण ती मागची नसतेच, तीच असते.

पण एवढा खटाटोप कशाला? पुढेच चार लावा की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे शिमग्याला होळीचं झाड तोडून खांद्यावरून आणतात तेव्हा गावातले सगळे गडी बुंध्याला धरतात का? काही बुंध्याला, काही मधे, काही शेंड्याला, तेव्हा कुठे ते झाड वळणं घेत होळीच्या जागेपर्यंत येतं. मालगाडीचं तसंच. पुढे कितीही इंजिनं लावलीत तरी त्यांची सगळी ओढ पहिल्या वॅगनच्या कपलिंगवर येते, कारण मागचा अख्खा भार त्या एका लोखंडी मुठीवर लटकलेला असतो. ती मूठ किती सहन करेल त्याला मर्यादा आहे. तिच्या पुढे गेलं की गाडी तुटते, रेल्वेवाले त्याला पार्टिंग म्हणतात.

आता थोडा हिशोब, शाळेतलाच आहे. १:३७ चा चढ म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. अशा चढावर दर टनामागे साधारण २७ किलोची ओढ नुसती गुरुत्वाकर्षणाला द्यावी लागते. ४,००० टनांची गाडी असेल तर १०८ टन, आणि हे चाकांचं घर्षण, वळणांचा अडथळा वगैरे धरायच्या आधीचं. डब्ल्यूडीजी-४ हे ४,००० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन सुरुवातीला जास्तीत जास्त ५४०-५५० किलोन्यूटन म्हणजे साधारण ५५ टनांची ओढ देतं, तेही रूळ कोरडे असतील तर. म्हणजे दोन इंजिनांचा जीव नुसता गाडी मागे घसरू नये म्हणूनच खर्ची पडला. तिसरं-चौथं लागतंच, आणि ती सगळी पुढे लावली की कपलिंगचं काय होईल ते तुम्हीच बघा.

दुसरं कारण वळणाचं. लांब दोरी वळणावरून ताणून ओढली की ती वळण सोडून सरळ व्हायला बघते. गाडीचंही तेच, पुढची ओढ फार झाली की मधल्या रिकाम्या वॅगन आतल्या बाजूला खेचल्या जातात आणि रुळावरून उतरू शकतात. मधे इंजिन असलं की पुढच्याने पुढची अर्धी ओढायची, मधल्याने मागची अर्धी, ताण वाटला जातो.

तिसरं कारण ब्रेकचं, आणि माझ्या मते खरी गंमत इथे आहे पण लोक ती विसरतात. ब्रेक हवेच्या पाईपवर चालतात, प्रेशर कमी केलं की ब्रेक लागतो आणि परत भरलं की सुटतो. दीड किलोमीटर लांब पाईपमध्ये पुढून हवा सोडली की शेवटच्या वॅगनला ते कळायला वेळ लागतो, आणि परत भरायला तर त्याहून जास्त. मधे इंजिन असलं की हवा दोन ठिकाणांहून सुटते आणि दोन ठिकाणांहून भरते, त्यामुळे पुढच्या वॅगन थांबल्यात आणि मागच्या येऊन धडकतायत असला प्रकार कमी होतो.

मग सगळ्यात मागून ढकललेलं काय वाईट?

वाईट काहीच नाही, भारतात घाटात तेच करतात. बँकर लावायला सोपा, मागून आला, जोडला, वर जाऊन काढला, विषय संपला. मधे इंजिन घालायचं म्हणजे गाडी तोडा, इंजिन आत घ्या, परत जोडा, हवा भरा, ब्रेक तपासा, आणि वर पोचल्यावर हे सगळं उलटं करा. पंधरा-वीस किलोमीटरच्या घाटासाठी एवढं कोण करत बसणार. पण मागून ढकलायलाही मर्यादा आहे, फार जोर लावला तर मागच्या वॅगन दाबल्या जाऊन वळणाच्या बाहेर फेकल्या जातात. अमेरिकेत पूर्वी मालगाडीच्या शेवटी गार्डचा लाकडी डबा असायचा, त्याच्या पाठीला दांडगं इंजिन लावून ढकलणं म्हणजे काड्यापेटी चिरडण्यासारखं, म्हणून तिथे इंजिन त्या डब्याच्या पुढे किंवा गाडीच्या मध्यापासून जरा मागे घालायचे.

कोकण रेल्वेवर मधलं इंजिन दिसतं का?

रोजचं म्हणाल तर नाही. आणि ते दिसत नाही यातच कोकण रेल्वेचं कौतुक आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आपल्या लाईनवरचा रूलिंग ग्रेडियंट, म्हणजे धरलेला सगळ्यात जास्त चढ, १:१५० आहे. वरचाच हिशोब इथे लावला तर ४,००० टनांच्या गाडीला चढासाठी सत्तावीस टनांच्या आसपास ओढ लागते, एक चांगलं इंजिन ती देतं. सह्याद्रीच्या पायथ्याला, नद्या, खाड्या, कातळ, जांभा असं सगळं असूनही चढ एवढा हलका ठेवायचा म्हणजे डोंगर आला की त्याच्या पोटातून जायचं आणि दरी आली की पूल टाकायचा. म्हणून तर ९० च्या वर बोगदे झाले. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटर आहे. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. वळणंसुद्धा एवढी मोठी घेतलीत की १,२५० मीटरपेक्षा लहान त्रिज्या नाही. ही लाईन बांधणाऱ्या ई. श्रीधरन आणि त्यांच्या लोकांनी हे आधीच करून ठेवलं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत अख्खी लाईन सुरू झाली. थोडक्यात, मदतीच्या इंजिनाचा पगार त्यांनी बोगदे खणताना एकदाच देऊन टाकला.

दुसरी अडचण सिंगल लाईनची. रोहा ते वीर एवढाच पट्टा २०२१ मध्ये डबल झाला, बाकी बहुतेक सगळीकडे समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग स्टेशनातच. लूप लाईनची, म्हणजे स्टेशनात गाडी बाजूला घ्यायच्या रुळाची, लांबी साधारण ७०० मीटरच्या आसपास धरा, एक पूर्ण रेक, म्हणजे एका मालगाडीच्या सगळ्या वॅगन, त्यात कशीबशी बसते. दोन रेक जोडून दीड किलोमीटरची गाडी आणलीत तर ती बाजूला कुठे घेणार? समोरून मांडवी एक्स्प्रेस येत असेल तर तिला काय आकाशातून पाठवायची?

पण तू तर सांगतोस की लहानपणी कुडाळलाच मधलं इंजिन पाहिलंस?

हां, आता खरं सांगायची वेळ आली.

लाईन सुरू होऊन दोन-एक वर्षं झाली असतील, मी चौथी-पाचवीत. आषाढातला पाऊस, तरव्याची लावणी चालू, आणि मी मळ्याच्या बांधावर इरलं घेऊन बसलेलो, काम करण्याऐवजी. पावसाच्या पडद्यातून मालगाडी गेली, इंजिन, मग वॅगन, वॅगन, वॅगन, आणि मधेच परत इंजिन, आणि त्याच्या पुढे परत वॅगन. मी ओरडलो. आजोबांनी मान वर केली, बघितलं आणि म्हणाले, "ह्या इंजान मधीच खंयसून इला?" म्हणजे साक्षीदार पण होता. शाळेत सांगितलं तर सगळे हसले. गुरुजी म्हणाले इंजिन पुढेच असतं. मी रडलो होतो बहुतेक.

पुढची वीस वर्षं मी हे छातीठोकपणे सगळ्यांना सांगत आलो. मग एकदा गणपतीत घरी होतो, तसाच पाऊस, मी त्याच बांधावर, आणि तेच परत दिसलं! फरक एवढाच की आता मला सिग्नल कळत होते. एक मालगाडी लूपवर क्रॉसिंगला उभी होती आणि मेन लाईनवरून दुसरी चाललेली. आमच्या मळ्याच्या त्या कोपऱ्यातून दोन्ही रूळ एकावर एक दिसतात, मधला फरक पावसात कळतच नाही. उभ्या गाडीचं इंजिन चालत्या गाडीच्या पोटात असल्यासारखं दिसत होतं, आणि नजर वॅगनवर असल्यामुळे इंजिनही चालतंय असंच वाटत होतं.

आजोबा तेव्हा नव्हते. असते तरी त्यांना सांगितलं असतं की नाही माहीत नाही.

मग खरं मधलं इंजिन पहिल्यांदा कधी पाहिलंस?

२०२१ च्या हिवाळ्यात, छत्तीसगडमध्ये. कामानिमित्त कोरब्याला काही महिने होतो, तिथे कोळसा आणि वीज सोडून दुसरं काही नाही, आणि माझ्यासारख्याला दुसरं काही नकोच होतं. चांपा जंक्शनला, जिथून कोरब्याची लाईन फुटते, प्लॅटफॉर्म तिकीट काढून बसायचो. सकाळचं धुकं, हात बगलेत घालून बसलेलो, आणि एक कोळशाची गाडी आली. मला मोजायची सवय आहे, अठ्ठावन्न वॅगन मोजल्या, आता ब्रेक व्हॅन, म्हणजे शेवटचा गार्डचा डबा, येईल म्हणून थांबलो तर धुक्यातून दिवे. इंजिन! कॅबमध्ये माणूस, मफलर गुंडाळलेला, त्याने बाहेर बघून हात पण केला. आणि मागे परत वॅगन.

आवाज कसा येतो ते सांगायलाच पाहिजे. पुढचं इंजिन गेल्यावर एरवी वॅगनचा नुसता खडखडाट राहतो, तो हळूहळू विरत जातो आणि आपलं मनही त्याच्याबरोबर सैल पडतं. इथे तसं होत नाही, खडखडाटाच्या खालून परत ब्लोअरचा आवाज वर येतो, प्लॅटफॉर्म परत हादरतो, आणि गाडी परत पहिल्यापासून सुरू होते. शेजारी एक चणेवाला बसला होता, त्याला मी मराठीतच म्हणालो, बघितलंस काय! तो काय समजला देव जाणे, चणे पुढे केले.

पायथन, अ‍ॅनाकोंडा, शेषनाग ही नावं खरी आहेत की व्हॉट्सअ‍ॅपवाली?

खरी आहेत. दोन रेक जोडून चालवलेल्या गाडीला पायथन म्हणायची पद्धत तिकडे आधीपासून आहे. २०२० मध्ये लॉकडाऊननंतर तीन भरलेल्या रेक जोडून सुपर अ‍ॅनाकोंडा चालवली, १५,००० टनांच्या वर माल होता. मग जुलै २०२० मध्ये चार रिकाम्या रेकची शेषनाग, २.८ किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये पाच रेकची वासुकी, साडेतीन किलोमीटर. आणि १५ ऑगस्ट २०२२ ला सुपर वासुकी, सहा इंजिनं, २९५ वॅगन, २७,००० टन कोळसा, कोरबा ते राजनांदगाव. ऑगस्ट २०२५ मध्ये रुद्रास्त्र आली, साडेचार किलोमीटर, ३५४ वॅगन आणि सात इंजिनं, गंजख्वाजा ते गढवा रोड. 

मला विचाराल तर ही शेवटची मोठी नावं दिवाळीच्या फटाक्यांसारखी, एकदा वाजली की बातमी. रोजची साधी पायथन, जिच्याकडे स्टेशनातला हमालसुद्धा वळून बघत नाही, ती मला जास्त आवडते.

मधल्या इंजिनात माणूस असतो की आपोआप चालतं?

दोन्ही प्रकार आहेत. साध्या पद्धतीत मधल्या इंजिनात वेगळा लोको पायलट आणि असिस्टंट, पुढच्याशी वॉकीटॉकीवर बोलायचं, त्याने नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, वाढवला की याने वाढवायचा. वाफेच्या काळात हे सगळं शिट्ट्यांवर चालायचं. आणि त्या मधल्या माणसाला समोर काय दिसतं? वॅगनची पाठ. दिवसभर तीच. सिग्नलही पुढच्याने सांगायचा. मला ती ड्युटी मिळाली तर मी आनंदाने करीन, पण मला कोण देतंय.

दुसरा प्रकार रेडिओचा. पुढच्या इंजिनातून हुकूम सुटतो, मधलं त्याप्रमाणे नॉच घेतं, ब्रेक घेतं. अमेरिकेत १९६० च्या दशकात याचे प्रयोग सुरू झाले, आपल्याकडे याच यंत्रणेला डीपीडब्ल्यूसीएस (डिस्ट्रिब्युटेड पॉवर वायरलेस कंट्रोल सिस्टीम) असं लांबलचक नाव आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण बोगदा आला की? रेडिओ तुटतो. त्याची सोय अशी की हुकूम येईनासा झाला की मधलं इंजिन काही वेळ शेवटचाच हुकूम पाळतं, आणि तेवढ्यात पुढच्याने ब्रेक लावला तर पाईपमधल्या हवेवरून त्याला ते कळतं आणि ते ओढणं सोडून देतं. म्हणजे रेडिओ गेला तरी हवेचा निरोप असतोच. आमच्या करबुडेसारख्या बोगद्यात असली गाडी कधी घातली तर आत रेडिओची वेगळी सोय करावी लागेल.

विजेच्या इंजिनांची आणखी एक भानगड आहे, न्यूट्रल सेक्शन. ओव्हरहेड वायरमध्ये मधेमधे वीज नसलेला छोटा तुकडा असतो, तिथे पोचण्याआधी इंजिनाने करंट घेणं बंद करायचं आणि पलीकडे गेल्यावर चालू. पुढचं इंजिन तिथून निघून गेलेलं असतं तेव्हा मधलं अजून पाऊण किलोमीटर मागे असतं, त्याला ते आपल्या वेळेला करायचं असतं. हे मी चांपाला एका रिटायर्ड ड्रायव्हरकडून ऐकलं, समोसा खाता खाता, आणि त्यानंतर अर्धा तास तो बोलत होता आणि मी नुसता ऐकत होतो.

कोकणातून जवळ कुठे बघायला जाता येईल?

मधलं नाही, पण बँकर बघायचा असेल तर दोन जागा.

एक गोव्यातलं कुळे. सावंतवाडी-कुडाळवाल्यांना तर हाकेच्या अंतरावर, मडगावला उतरायचं आणि तिथून कुळेची पॅसेंजर, किंवा बाईकने बांदा, फोंडा, मोले असं. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट, चढ १:३७, मधे दूधसागर. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा वर कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो, म्हणजे भरलेली गाडी चढावर, सगळा जोर याच दिशेला. मी गेलो तेव्हा पुढे डिझेल, मागे डिझेल, आणि कुळ्याहून निघताना पुढच्याची शिट्टी, मागच्याचं उत्तर, मग दोन्हीकडून एकदमच तो घुमणारा आवाज. गाडी दिसेनाशी झाली तरी रानातून कितीतरी वेळ ऐकू येत होती, कधी पुढचं इंजिन, कधी मागचं, वळण असेल तसं. पावसात जा, पण जळवांची तयारी ठेवून.

दुसरी कर्जत. रायगड जिल्हा, म्हणजे कोकणच, पण कर्जतवाले तसं मानत नाहीत. इथूनही लोणावळ्यापर्यंत १:३७ आणि इथे तर पॅसेंजर गाड्यांनासुद्धा मागून बँकर लागतो. मुंबई-पुणे प्रवासात कर्जतला उतरून वडा खाण्याएवढा वेळ मिळायचा तो कशामुळे असं वाटतं? बँकर जोडला जात असायचा. वर्षानुवर्षं वडे खाल्लेल्या लोकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात.

परदेशात कसं असतं?

माझे मामा बोटीवर होते, आमच्याकडे घरटी एक तरी असतोच. ते बल्क कॅरियरवर, ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलंडला लोखंडाची माती भरायला जायचे. तिथून आले की बाकीच्या पोरांना चॉकलेट आणि मला गाडीचं वर्णन. "पुढे दोन, मग वॅगन संपता संपत नाहीत, मग परत दोन, आणि मग परत तेवढ्याच वॅगन, आणि ड्रायव्हर किती? एक!" मला तेव्हा वाटायचं मामा फेकतायत. नव्हते फेकत. तिथल्या बीएचपी कंपनीने २१ जून २००१ ला एक गाडी चालवली, ६८२ वॅगन, आठ इंजिनं गाडीभर वाटून लावलेली, ७.३ किलोमीटर लांब, वजन जवळपास एक लाख टन, आणि ड्रायव्हर खरंच एकच.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात टेहाचापी म्हणून घाट आहे, १८७६ मधला. चढ २.२ टक्के, म्हणजे आपल्या कर्जतपेक्षा सौम्यच, हे मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडे घाट म्हटलं की लोक परदेशाकडे बघतात. पण तिथे एक गोल वेटोळं आहे, साधारण सव्वा किलोमीटरहून थोडं कमी, लाईन स्वतःच्याच डोक्यावरून जाते. त्याहून लांब मालगाडी आली की पुढचं इंजिन वरच्या रुळावर आणि खालून त्याच गाडीचा मागचा भाग बोगद्यात शिरत असतो. सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या काळात तिथे मधे घातलेल्या इंजिनांत माणसं बसायची. त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका घाटात, सिएरा नेवाडात, बोगदे आणि बर्फापासून बचावाचे लाकडी मंडप एवढे होते की धुराने ड्रायव्हर गुदमरायचे, म्हणून त्यांनी वाफेची इंजिनं उलटी करून घेतली, ड्रायव्हरची केबिन सगळ्यात पुढे आणि धुराडं मागे. डिझेलच्या काळात करबुडेतून खिडकी उघडी ठेवून गेलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

रोरोला, म्हणजे भरलेले ट्रक वाहून नेणाऱ्या गाडीला, मधे इंजिन का नसतं? ती पण लांबच असते.

लांब असते पण तेवढी जड नाही, आणि चढ आपले हलके. पुढचंच इंजिन पुरतं. २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा सुरू झाली, मग सुरतकलपर्यंत गेली, तेव्हापासून ट्रकवाले आपापल्या केबिनमध्ये बसून, डबा खात, झोपा काढत कोकण बघतायत. मला मोजायला सगळ्यात आवडती गाडी हीच, कारण प्रत्येक ट्रकच्या मागे काहीतरी लिहिलेलं असतं.

वॅगन मोजायच्या कशा? माझी गणती चुकते.

सगळ्यांची चुकते. मी दहा झाल्या की एक बोट मुडपतो. ओठ हलवून मोजू नका, बाजूचा माणूस बोलायला लागतो. आणि शेवटचा डबा येईपर्यंत जागा सोडायची नाही. आमच्या स्टेशनात पॉइंट्समन हिरवा झेंडा घेऊन उभा असतो तो शोभेला नाही, गाडीच्या शेवटची खूण दिसली की गाडी पूर्ण आली, मधे कुठे तुटून राहिली नाही हे त्याला खात्रीने कळतं. आपणही तेच करायचं. आजोबा म्हणायचे तसं, "रे मेल्या, खंय चललंस, गाडी अजून संपाक नाय."

रुळाजवळ उभं राहून व्हिडिओ काढला तर चालेल ना?

नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना घुसणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दूधसागरला तर रुळावरून चालत जायला सरळ बंदी आहे. आणि मधल्या इंजिनाच्या गाडीत तर जास्तच धोका, कारण गाडी गेली असं वाटून माणूस पुढे पाऊल टाकतो. प्लॅटफॉर्म, फाटकाच्या अलीकडे, किंवा आमच्यासारखा स्वतःचा मळा असेल तर मळ्याचा बांध.

घरचे काही बोलत नाहीत का?

बोलतात. बायकोचं म्हणणं, कुळ्याला जायचंच तर दूधसागर बघून या, मालगाडी कसली बघता. मुलगी सात वर्षांची आहे, तिला मोजता येतं पंचवीसपर्यंत नीट, पुढे ती अंदाजे जाते. मागच्या पावसात तिला मळ्याच्या त्याच कोपऱ्यात नेलं. लूपवर एक मालगाडी उभी होती, मेनवरून दुसरी आली, आणि ती ओरडली, बाबा, मधे इंजिन! मी तिला क्रॉसिंग आणि लूप समजावून सांगायला तोंड उघडलं होतं, पण ती बोटं मुडपत पुढच्या वॅगन मोजत होती, मग म्हटलं राहू दे, सांगेन नंतर.